तंटा मिटवायला किती खर्च येतो?
सातारा-सांगलीकरांसाठी दरवाजे, दर आणि मुदती

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण अर्धीच खरी आहे. दावा लढायला ती पायरी महाग पडते, पण मिटवायला चढलात तर जवळपास फुकट. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयांत, बहुतेक तालुक्यांच्या न्यायालयांत, प्रांत आणि तहसील कचेरीत तंटा मिटवण्याचे दरवाजे आधीपासून उघडे आहेत. चुकीच्या दारात उभे राहिल्यामुळे, मुदत निघून गेल्यामुळे आणि तोंडी समेटावर विसंबल्यामुळे लोकांचे पैसे जातात.

कोणत्या तंट्याला कोणते दार, त्याला किती पैसे लागतात आणि शेवटी हातात कोणता कागद पडायला हवा, हे पुढे दिले आहे. आकडे सरकारी शुल्काचे आहेत. वकिलाच्या फीला सरकारी दर नसतो, ती आधीच बोलून आणि लिहून घ्यावी. शुल्कात अधूनमधून बदल होतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी खिडकीवर खात्री करून घ्या.

वकील परवडत नसेल तर

पहिली पायरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. साताऱ्यात ते जिल्हा न्यायालयाच्या आवारात आहे, सांगलीत विजयनगरच्या न्यायालयात. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. कऱ्हाड, वाई, फलटण, विटा, तासगाव, जत या भागांतल्या लोकांनी जिल्ह्याच्या गावी हेलपाटा घालण्याआधी तिथे चौकशी करावी. फोनवरून विचारायचे असेल तर १५१०० हा देशभरचा क्रमांक आहे.

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि आपत्तीग्रस्त यांना वकील मोफत मिळतो. महिलेला उत्पन्नाची अट नाही, हे अनेक घरांत अजून माहीत नसते. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे.

खर्च: अर्ज साध्या कागदावर, शुल्क नाही. सोबत आधार कार्ड, वादाची कागदपत्रे आणि लागू असेल तिथे उत्पन्नाचा दाखला न्या.

लोकअदालत: फी शून्य, भरलेली फीही परत

राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा, बहुधा शनिवारी भरते. प्रलंबित दिवाणी दावे, मोटार अपघाताची भरपाई, चेक न वटल्याचे खटले, बँकेची थकबाकी, वीजबिलाचे वाद आणि तडजोडयोग्य फौजदारी प्रकरणे तिथे घेतली जातात. दावा अजून दाखलच केला नसेल, तरी दावापूर्व प्रकरण म्हणून अर्ज करता येतो.

पैशांच्या बाजूने तीन गोष्टी लक्षात ठेवा. लोकअदालतीची स्वतःची फी नाही. न्यायालयात आधी भरलेली कोर्ट फी तडजोड झाल्यावर परत मिळते. महाराष्ट्रात दाव्याच्या किमतीनुसार लागणारी ही फी २०१८ पासून कमाल १० लाखांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे मोठ्या दाव्यात परतावाही मोठा. तिसरी गोष्ट महिलांसाठी: पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत राज्याने १९९४ मध्येच त्यांची कोर्ट फी माफ केली आहे. अशा दाव्यासाठी फी मागितली गेली, तर ही अधिसूचना दाखवा.

लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. समोरच्याने शब्द पाळला नाही, तर नवा दावा न लावता थेट अंमलबजावणीसाठी जाता येते. मात्र या निवाड्यावर अपील नाही. फसवणुकीसारख्या मोजक्या कारणांवर उच्च न्यायालयात रिट तेवढी करता येते. म्हणून ‘आज करून टाका, पुढच्या वेळी बघू’ या घाईत सही करू नका. तडजोड मान्य नसेल तर नाही म्हणा. प्रकरण मूळ न्यायालयात परत जाते आणि तुमचा हक्क शाबूत राहतो.

मध्यस्थी: बोलणे गुप्त राहते

लोकअदालतीत एका दिवसात बरीच प्रकरणे उरकायची असतात. भावाभावांचा, नवरा-बायकोचा किंवा भागीदारांचा तंटा तेवढ्या वेळात सुटत नाही. अशांसाठी न्यायालयाशी जोडलेले मध्यस्थी केंद्र आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ खाली न्यायाधीश प्रकरण तिकडे पाठवू शकतात, आणि तुम्ही स्वतःही तशी विनंती करू शकता. मध्यस्थ हा प्रशिक्षित वकील किंवा न्यायाधीश असतो. तो निकाल देत नाही, दोन्ही बाजूंशी एकत्र आणि वेगवेगळे बोलतो. तिथे काढलेला शब्द पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. भावाने खासगीत ‘विहिरीचा हिस्सा सोडतो’ म्हटले आणि बोलणी फिसकटली, तर ते वाक्य साक्षीत येत नाही. म्हणून लोक मोकळे बोलतात.

खर्च: पक्षकारांना मध्यस्थाची फी नाही. मध्यस्थी यशस्वी झाली तर कोर्ट फीचा परतावा मिळतो. न्यायालयाबाहेर आपसात मिटवले तरी परतावा मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. वकिलाला आठवण करून द्या, नाहीतर हा पैसा मागायचाच राहून जातो.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचीही तरतूद आहे. वस्तीतली शांतता बिघडवणारा वाद तीन मध्यस्थांपुढे नेण्याची ती वाट आहे. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये या कायद्याची मोजकीच कलमे लागू झाली आणि हे कलम त्यांत नव्हते. तेव्हा त्यावर विसंबण्यापूर्वी प्राधिकरणात सद्यस्थिती विचारा.

बांध, रस्ता, वाटणी

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत भाऊबंदकी पेटते ती बहुतेक जमिनीवरून. इथे एक दार नाही, चार आहेत. प्रत्येकाचा दर आणि मुदत वेगळी.

बांध कोरल्याचा वाद. शिवीगाळ आणि पोलीस ठाणे हे सगळे मोजणीनंतरचे विषय. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून सरकारी मोजणी आणा. डिसेंबर २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० आणि द्रुतगती मोजणीला ८,००० रुपये लागतात. शेजाऱ्याला विचारा: अर्धे अर्धे भरू का? दोघांच्या पैशाने झालेल्या मोजणीवर संशय कमी येतो. खुणा दोघांसमोर रोवा आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत जपून ठेवा.

शेतरस्ता अडवला. इथे लोक हमखास दार चुकतात. असलेली वहिवाट कोणी बंद केली असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जायचे. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला असेल तरी हेच कलम. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत जायला हवे. पंचांनी ‘सुगी होऊ दे, मग बसू’ म्हणत तुम्हाला आठ महिने थांबवले, तर हे दार बंद झालेले असते. रस्ताच नसेल आणि बांधावरून नव्याने हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३. तहसीलदारांचा तो निर्णय मान्य नसेल, तर एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. दोन्ही ठिकाणी अर्जाचे सरकारी शुल्क नाममात्र असते. खरा खर्च स्थळपाहणीच्या दिवशी सगळ्यांना हजर ठेवण्याचा. पंच बोलणी करत असले तरी अर्ज आधी दाखल करा. अर्जामुळे समेट बिघडत नाही, उलट बोलणी लवकर उरकतात.

वाटणी. सगळ्या सहहिस्सेदारांची संमती असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप करून घेता येते. खातेफोड म्हणतात ती हीच. दुसरी वाट नोंदणीकृत वाटणीपत्राची. त्याच्या नोंदणी फीसाठी पूर्वी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये लागत. शेतजमिनीच्या वाटणीपत्रासाठी ही फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. एकत्र कुटुंबातील पोटहिस्सा मोजणीचा दरही २०२५ मध्ये प्रति पोटहिस्सा २०० रुपये ठरला. त्याच्या अटी भूमी अभिलेखमध्ये विचारून घ्या. फी माफ झाली म्हणून बहिणींची नावे गाळून वाटणीपत्र करू नका. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क दिला आहे. तिला वगळून केलेली वाटणी पुढे दाव्यात अडकते आणि वाचवलेल्या पैशांच्या कैक पटींनी खर्च होतो.

ताबा याचा, सातबारा त्याचा. कधीकाळी आजोबांनी सोयीने अदलाबदल केली, कागद केला नाही. आता एकाच्या नावची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याची पहिला. राज्याने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली ती नेमकी यासाठी. दोघांचा एकमेकांच्या जमिनीवर किमान १२ वर्षे ताबा असेल आणि दोघे राजी असतील, तर तलाठी आणि मंडल अधिकाऱ्यांच्या पंचनाम्यानंतर अदलाबदल दस्त फक्त १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फीत होतो. निम्मे निम्मे वाटले तर माणशी हजार. एरवी अशा दस्ताला बाजारमूल्याच्या टक्केवारीने मुद्रांक लागतो आणि बागायती जमिनीत तो लाखांत जाऊ शकतो. योजना शेतजमिनीपुरती आहे. आधी दोन वर्षांसाठी होती, नंतर आणखी दोन वर्षे वाढवली. कायद्याने समेटाला थेट पैशांची सवलत दिल्याचे याहून स्वच्छ उदाहरण आपल्याकडे नाही. पात्र असाल तर मुदत संपण्याची वाट पाहू नका.

गावातली समिती: कामाची कुठे, अपुरी कुठे

गावात बसून तंटे मिटवण्याची आपली परंपरा जुनी आहे. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, गावोगावी न्यायदान मंडळे चालवली. फी नव्हती, तारखा नव्हत्या, जमिनीचे, सावकारीचे आणि घरगुती वाद गावातच निवाड्याला येत. इंग्रजांच्या कोर्टाला पर्याय म्हणून लोकांनी ते मानले. पण तिथल्या शिक्षा कडक होत्या आणि वर दाद मागायला जागा नव्हती. गावच्या निवाड्याचे बळ आणि धोका दोन्ही इथे दिसतात.

सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिने गावचे बळ घेतले आणि शिक्षेचा अधिकार बाहेर ठेवला. ग्रामसभेने निवडलेली समिती दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर तंटे सामोपचाराने मिटवते. चांगले काम करणाऱ्या गावांना लोकसंख्येनुसार लाखांची बक्षिसे मिळाली. बक्षिसांचा जोर ओसरल्यावर काही गावांत समिती नावापुरती उरली. तुमच्या गावची समिती जिवंत आहे का, हे ग्रामसभेत विचारा. प्रश्न विचारला की ती हलते.

खर्च: शून्य. समितीने किंवा सदस्याने पैसे मागितले तर ते नियमात नाही.

समितीपुढचा समेट म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे. नोंदवहीत लिहा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, साक्षीदार घ्या. मग प्रकरणानुसार पुढचा कागद करा: दावा चालू असेल तर लोकअदालतीत निवाडा, जमीन असेल तर नोंदणीकृत दस्त आणि फेरफार.

घर, बाजार, चेक

आई-वडिलांची पोटगी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली अर्ज प्रांत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा. न्यायाधिकरण प्रकरण आधी समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकते. नाही जमले तर दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह ठरवता येतो. निकालासाठी ९० दिवसांची मुदत आहे, ती ३० दिवस वाढू शकते. वकिलाची गरज नाही. हेलपाट्यांचा खर्च ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीत शून्य, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना आणि महिलांना निम्मा.

दुकानदार, बिल्डर, विमा. दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० आणि २० ते ५० लाखांना १,०००. आयोगही वाद मध्यस्थीकडे पाठवू शकतो. तक्रारीआधी १९१५ वर फोन करून पाहा. काही कंपन्या तेवढ्यावरच ताळ्यावर येतात.

चेक न वटणे. उशीर झाला की खर्च वाढतो, हे इथे अगदी आकड्यांत दिसते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये घालून दिल्याप्रमाणे बचावाचा पुरावा नोंदवण्यापूर्वी आरोपीने चेकची रक्कम भरली, तर जादा खर्चाविना प्रकरण मिटू शकते. त्यानंतर चेकच्या रकमेच्या ५ टक्के, सत्र किंवा उच्च न्यायालयात ७.५ टक्के, सर्वोच्च न्यायालयात १० टक्के. दोन लाखांच्या चेकवर हा फरक शून्य ते वीस हजारांचा.

जिथे तडजोड करायची नाही

समेट ही चांगली गोष्ट आहे, पण सगळ्या प्रकरणांत नाही. बलात्कार, बालकांवरील अत्याचार, गंभीर मारहाण यांत ‘गावात मिटवू’ म्हणणारा माणूस गुन्हेगाराला मदत करतो. तडजोड न होणारे गुन्हे लोकअदालतही हाताळू शकत नाही. घरात मारहाण होत असेल तर आधी सुरक्षितता, मग बोलणी. आणीबाणीत ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

दुसरा धोका जातपंचायतीचा. समेटाच्या नावाखाली दंड वसूल करणे, वाळीत टाकणे, लग्नाला परवानगी घ्यायला लावणे हे निवाडे नव्हेत, गुन्हे आहेत. मूळ साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या चळवळीने, म्हणजे महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने, याविरुद्ध गावोगाव लढा दिला. पुढे राज्याने सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पंचांनी मागितलेला दंड देऊ नका, पोलीस ठाण्यात तक्रार द्या.

फौजदारी प्रकरणात एक खर्च मात्र कमी झाला आहे. गुन्हा तडजोडयोग्य नाही, पण दोन्ही कुटुंबे खरोखर राजी आहेत, अशा वेळी फिर्याद रद्द करायला उच्च न्यायालयातच जावे लागते. त्यासाठी मुंबईच्या फेऱ्या कराव्या लागत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते आणि सातारा, सांगली दोन्ही त्याच्या कक्षेत आहेत.

सही करण्यापूर्वी तपासा

१. रक्कम, तारीख, हप्ते आकड्यात आणि अक्षरात लिहिले आहेत का? हप्ता चुकला तर काय, हे लिहिले आहे का?

२. जमीन असेल तर गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा बरोबर आहेत का? विहीर, मोटर, पाइपलाइन आणि रस्ता यांचा उल्लेख आहे का? पाण्याची पाळी लिहायची राहिली, की पुढच्या उन्हाळ्यात नवा तंटा उभा राहतो.

३. सगळ्या वारसांच्या सह्या आहेत का? लग्न झालेल्या बहिणी, मुंबईला असलेला भाऊ, अज्ञान मुले यांपैकी कोणी राहिले नाही ना?

४. एकमेकांवरच्या सगळ्या केसेस याच समेटात मिटतात का, की एखादी मागे उरते?

५. निवाड्याची किंवा दस्ताची प्रमाणित प्रत घेऊन तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज केला का? हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते. ती संपल्यावर नोंद प्रमाणित झाली का, हे स्वतः सातबारा काढून पाहा.

६. कोर्ट फीच्या परताव्याचा आदेश आणि प्रमाणपत्र मिळाले का?

७. कागद न वाचता येणाऱ्या सदस्याला तो मोठ्याने वाचून दाखवला का? तसे त्यात लिहिले आहे का?

दोन्ही बाजूंनी खर्च निम्मा निम्मा भरायचे ठरले, तर बऱ्याच जमिनींचे तंटे मोजणी आणि दस्त मिळून काही हजारांत मिटतात. आज वाद चालू असेल, तर या आठवड्यात तीन कामे करा: सातबारा, ८अ आणि नोटिसांची एक फाइल तयार करा, अडथळा कोणत्या तारखेला झाला ते लिहून ठेवा आणि तालुका विधी सेवा समितीत जाऊन साध्या कागदावर अर्ज द्या. समेट कोणाच्या ओसरीवर झाला तरी चालेल. त्याचा कागद मात्र सरकारी दप्तरात गेलाच पाहिजे.